पायी जाण्याच्या अंतरावरचं गिऱ्हाईक

शहाड, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातली तरुण मुलं स्टार्टअपची कल्पना घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांच्या मोबाइलमध्ये एक प्रेझेंटेशन तयार असतं. देशातली बाजारपेठ किती हजार कोटींची आहे, पाच वर्षांत किती शहरांत पोहोचायचं आहे, हे सगळं त्यात असतं. नसतं ते एकच: पहिले पैसे देणाऱ्या माणसाचं नाव. मी तेच विचारतो. कोण देणार, त्याचं दुकान कुठे आहे, आणि तो आज हे काम कशावर भागवतो? उत्तर आलं नाही, तर बाकीचं नंतर बोलू म्हणतो.

मी इथल्या जीन्सच्या कारखान्यांसाठी लॉटचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर बनवतो आणि विकतो. या धंद्यात राहून माझं एक मत पक्कं झालं आहे. नवख्याने आपलं पहिलं गिऱ्हाईक घरापासून पायी किंवा शेअर रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर शोधावं आणि त्याच्याकडून पहिल्या दिवसापासून पैसे घ्यावेत. आपल्या पट्ट्याइतकी याला सोयीची जागा मला तरी दुसरी दिसत नाही.

उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला लष्कराचा कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं इथल्या बराकींत उतरली आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. पत्ता सांगताना लोक अजूनही कॅम्पचा नंबरच सांगतात. हातात काही नसलेल्या माणसांनी उधारीवर, ओळखीवर आणि शब्दावर उभा केलेला हा बाजार आहे. त्याचा आपल्या कामाचा गुण असा की एकेका गल्लीत एकच धंदा दाटीने बसलेला असतो. गजानंद मार्केटमध्ये कापड, फर्निचर बाजारात फर्निचर, कॅम्प पाचकडे जीन्स. एका दुकानात तुमचं ॲप नीट चाललं, तर शेजारचा मालक चहाच्या वेळी ते बघतोच. जाहिरातीवर एक रुपया न घालता दुसरं गिऱ्हाईक मिळतं. तसंच एका दुकानाचा हिशेब गडबडला, तर संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलेलं असतं. हा धाक नवख्याला फार उपयोगी पडतो, कारण तो त्याला कामात चोख ठेवतो.

आता गल्लीत बसून काय कळतं ते सांगतो. जीन्सचा लॉट म्हणजे काय, हे मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं. कटिंगच्या लांब टेबलावर कापडाचे थरावर थर टाकतात आणि मशीनने एकदम कापतात. कापलेल्या तुकड्यांवर नंबर पडतात, साइजप्रमाणे गठ्ठे बांधले जातात. गठ्ठे शिलाईला जातात, मग काज-बटणाला, मग वॉशिंगला, मग धागे कापायला, प्रेसला आणि शेवटी पॅकिंगला. यातली बरीच कामं दुसऱ्याच्या गाळ्यात जॉबवर्कवर होतात आणि प्रत्येक टप्प्यावर माल एका चिठ्ठीवर बाहेर जातो. समजा, पाचशे पीस शिलाईतून निघाले आणि वॉशिंगवरून चारशे अठ्ठ्याऐंशी परत आले. बारा पीस कुठे गेले? वॉशिंगवाला म्हणतो, तितकेच आले होते. शिलाईचा ठेकेदार म्हणतो, मी पूर्ण दिले. चिठ्ठी एकाच्या खिशात असते, दुसऱ्याची टेम्पोत राहिलेली असते.

कंप्युटरचं शिक्षण घेतलेल्या माणसाला इथे मोठी यंत्रणा बसवायचा मोह होतो. खरेदी, विक्री, गोदाम, पगार, सगळं एका ठिकाणी. मालकाला त्यातलं काही नको असतं. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: कुठला लॉट आत्ता कुणाकडे आहे, किती पीस कमी आले, आणि आठवड्याला कुणाला किती खर्ची द्यायची. पीसरेटवर काम करणाऱ्या कारागिराला हिशेबापोटी आठवड्याला जी उचल मिळते ती खर्ची. तो आकडा चुकला, तर कारागीर दुसऱ्या दिवशी शेजारच्या गाळ्यात मशीनवर बसलेला दिसतो. म्हणून माझ्या ॲपचा पहिला स्क्रीन या तीन प्रश्नांचाच आहे. लॉट उघडला की कुठून किती निघाले, कुठे किती पोहोचले, एवढंच दिसतं आणि फरक लाल अक्षरात येतो.

दुसरी गोष्ट बघितल्याशिवाय सुचत नाही. नोंद करणारा मास्टर उभ्याने काम करतो. बोटांना डेनिमची नीळ लागलेली असते, एका हातात गठ्ठा असतो. तो टाइप करणार नाही. त्याला मोठ्ठी आकड्यांची बटणं लागतात आणि चिठ्ठीचा फोटो एका दाबात निघावा लागतो. मास्टर उत्तर प्रदेश-बिहारकडचा असतो, मालक सिंधी, हिशेबनीस मराठी. तिघांना चालतील असे शब्द म्हणजे तेच, जे ते आपसात बोलतात: लॉट, पीस, बाकी, जमा. ‘उत्पादन व्यवस्थापन’ असं लिहिलं, तर तिघांपैकी कुणीही त्यावर बोट ठेवणार नाही.

गाळ्यात नेटवर्क येतं-जातं. त्यामुळे नोंद आधी फोनमध्येच साठली पाहिजे आणि जोडणी आली की वर गेली पाहिजे. याचा धडा आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. सचिन टेके यांचं एम-इंडिकेटर साध्या जावा फोनच्या काळापासून लोकलचं टाइमटेबल इंटरनेटशिवाय दाखवत आलं आहे. शहाडला उभं राहून कसारा किंवा सीएसएमटी गाडी बघणाऱ्या माणसाला ते लगेच का पटलं? कारण तो जिथे उभा होता, ज्या फोनसकट उभा होता, तिथे ते चाललं. गर्दीच्या लोकलमध्ये नेटवर्क नसतं, हे ठाऊक असलेल्या माणसाने ते बनवलं होतं.

दुसरं उदाहरण पुण्याचं. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर कॅलक्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, पुढे स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं आणि कंप्युटर दुरुस्तीत आले. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडायचे. धाकटे भाऊ संजय यांनी ते काढायची साधनं लिहिली आणि 1995च्या सुमारास त्यातून क्विक हील उभं राहिलं. 2016 साली कंपनी शेअर बाजारात आली, ही बातमी सगळे सांगतात. मला त्याआधीचा भाग मोलाचा वाटतो: रोग कुठला आहे, हे त्यांना दुरुस्तीच्या टेबलावरच कळलं होतं.

पैशांबद्दल माझं मत कडक आहे. ‘सहा महिने फुकट वापरा’ असं म्हणू नका. फुकट वापरणारा तक्रार करत नाही, तो फक्त वापरणं सोडतो, आणि का सोडलं ते तुम्हाला कधीच कळत नाही. ज्याने पैसे मोजले तो रात्री दहाला फोन करून खडसावतो. तो फोन म्हणजे तुमची पुढच्या महिन्याची कामाची यादी. रक्कम लहान असू दे, पण घ्या आणि पावती द्या. दर महिन्याला खात्यातून आपोआप पैसे कापण्याची सोय यूपीआय ऑटोपेमुळे 2020पासून आहे. पण इथला व्यापारी आपल्या खात्याला कुणी न विचारता हात लावलेला सहन करत नाही. त्याला वर्षाचे एकरकमी सांगा. तो घासाघीस करेल, मग देईल.

विकायला कधी जावं, हेही शिकावं लागतं. सकाळी बोहनी व्हायच्या आधी पैशांची गोष्ट काढू नये. दिवाळीच्या आणि ईदच्या आधीचे आठवडे तर विसराच; तेव्हा मालकाला जेवायला फुरसत नसते. मंदीच्या दिवसांत तो गल्ल्यावर बसून कंटाळलेला असतो, तेव्हा जा. बसायला स्टूल दिलं तर बसा, चहा आला तर घ्या, आणि आपलं बोलण्याआधी त्याची वही बघायला मागा. वही दाखवली, म्हणजे अर्धं काम झालं. ती उगाच कुणाला दाखवत नाहीत.

त्या वहीत कुणाची किती उधारी आहे, हे असतं. मालकाचा सगळ्यात मोठा प्रश्न म्हणूनच हा असतो की माझा हिशेब आणखी कोण बघतं. त्याला खरं उत्तर द्या. डेटा कुठे राहतो, तुमच्यापैकी कोण तो उघडू शकतो आणि उद्या त्याने तुम्हाला सोडलं, तर त्याला सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये कशा मिळतील, हे आधीच सांगा. कारागिरांच्या आधार कार्डांचे फोटो गोळा करू नका. गरज नसताना घेतलेली माहिती सांभाळण्याची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडते. 2023चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आता आहेच, पण त्याच्याही आधी माणुसकी आहे.

बॅकअपचं महत्त्व इथल्या लोकांना वेगळं समजवावं लागत नाही. 26 जुलै 2005ला उल्हास नदी कुठवर आली होती, हे प्रत्येकाला आठवतं. 27 जुलै 2019ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. तळमजल्यावरच्या कपाटातली वही अशा पाण्यात उरत नाही. मी डेमो देताना एवढंच म्हणतो, ‘शेठ, पाणी आलं तर हिशेब राहील.’

कागदपत्रांचं थोडक्यात. सुरुवातीला एकल मालकी, बँकेत चालू खातं आणि उद्यम नोंदणी एवढं पुरतं. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. तिचे पैसे मागणाऱ्या एजंटपासून लांब राहा. सेवा विकत असाल, तर साधारणपणे वर्षाच्या 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. प्रायव्हेट लिमिटेड घाईने काढू नका. धंदा झाला नाही तरी दरवर्षी फॉर्म भरावेच लागतात आणि उशिराला दर फॉर्ममागे रोज 100 रुपये लागतात. स्टार्टअप इंडियाची मान्यता मात्र एकल मालकीला मिळत नाही. त्यासाठी नोंदणीकृत भागीदारी, एलएलपी किंवा कंपनी असावी लागते. त्या टप्प्याला आलात की बदला. राज्य सरकारच्या स्टार्टअप वीकमध्ये निवडलेल्यांना सरकारी खात्यांकडून काम मिळतं, तिथे जरूर अर्ज करा. मित्रासोबत सुरू करत असाल, तर कोणाचा किती वाटा आणि कोणी सोडलं तर काय, हे पहिल्याच आठवड्यात लिहून सह्या करा.

प्ले स्टोअरवर नवं वैयक्तिक खातं काढलं, तर ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान 12 जणांनी ते सलग 14 दिवस चाचणीत ठेवावं लागतं. मुलं यासाठी कॉलेजच्या ग्रुपवर विनंत्या टाकतात. ते 12 जण गल्लीतले असू देत, नियमही पाळला जाईल आणि चाचणीही खरी होईल. ओटीपीचा एसएमएस पाठवायचा असेल, तर टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी पोर्टलवर नाव आणि मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो. त्यात वेळ जातो, म्हणून ते काम ॲप तयार व्हायच्या आधी हातात घ्या.

बिल काढणारं काही बनवत असाल, तर कराचा दर कधीही प्रोग्रॅममध्ये पक्का लिहू नका, तारखेसकट वेगळ्या तक्त्यात ठेवा. 22 सप्टेंबर 2025ला तयार कपड्यांवरचा जीएसटी बदलला. आधी 1000 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि वर 12 टक्के होता. आता 2500 रुपयांपर्यंत 5 आणि वर 18 आहे. त्या तारखेआधी विकलेला माल नंतर परत आला, तर त्याची नोंद जुन्याच दराने व्हायला हवी. व्यापाऱ्याला हे एका वाक्यात कळतं. प्रोग्रॅमरला ते गल्लीत बसल्यावर कळतं.

नोकरी कधी सोडावी, हा प्रश्न बदलापूरची मुलं फार विचारतात, कारण बहुतेकांच्या डोक्यावर फ्लॅटचा हप्ता असतो. माझं उत्तर असं: वर्षभराचे हप्ते बाजूला पडेपर्यंत आणि पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांनी दुसऱ्या वर्षीही पैसे भरेपर्यंत सोडू नका. पहिल्या वर्षी लोक तुमच्याकडे बघून देतात, दुसऱ्या वर्षी कामाकडे बघून.

आता कोड लिहायला एआय मदत करतो. जे काम करायला आधी चार जणांची टीम लागायची ते एकटी मुलगी शहाडच्या भाड्याच्या खोलीत करू शकते. म्हणजे तेच ॲप बेंगळुरूची मुलंही तितक्याच लवकर बनवणार. पण वॉशिंगवरून बारा पीस कमी आले की भांडण कुणाचं आणि मिटवतं कोण, हे त्यांना कळायला इथे येऊन बसावं लागेल. तुम्ही इथेच राहता. तर या आठवड्यात एक गल्ली निवडा, मंदीची वेळ बघून एका दुकानात जा, वही बघायला मागा, आणि त्या मालकाची कुठली एक कटकट मिटवली तर तो पैसे देईल, ते त्यालाच विचारा.