वाढ्यांचा ढीग

साक्रीहून सुरतेला निघालेल्या माणसाचा प्रवास बारडोलीलाच मनातल्या मनात संपतो. पुढे अजून पस्तीसेक किलोमीटर उरलेले असतात. पण कोंडाईबारीचा घाट मागे पडलेला असतो, नवापूरला राज्य बदललेलं असतं, व्याऱ्याचा चहा पोटात असतो. मागच्या सीटवर आई जागी होऊन ‘किल्ली कोणाकडे आहे रे?’ विचारते. बायको सकाळच्या दुधाचं बघायला लागते. आणि चालवणाऱ्याचा पाय नकळत जड होतो. घाटात मी चाळीसच्या वर जात नाही. घराचा वास आला की ऐंशी.

जानेवारीतली रात्र होती, साडेअकराचा सुमार. चुलतभावाचा साखरपुडा उरकून आम्ही परतत होतो. काकरापारच्या कालव्यांनी भिजवलेला हा मुलूख, रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊसच ऊस. थंडीत त्या फडांवरून धुकं डांबरावर उतरतं. फार दाट नसतं, म्हणूनच घात करतं. दिसतंय असं वाटत राहतं.

मला आधी दिसला तो रस्त्यातला हिरवा ढीग. वाटलं, गाय बसलीय. मग ढिगापाशी एक पांढरा ठिपका डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलू लागला. मोबाइलची बॅटरी. पुढचं मी केलं असं म्हणवत नाही, पायाने केलं. ढीग चाकांखाली चिरडला, गाडी तिरकी झाली, आईच्या मांडीवरचा लाडवांचा डबा उडून माझ्या कोपरावर आदळला आणि सगळं थांबलं.

हेडलाइटसमोर उसाची कापलेली टोकं होती. पांढरी, गोल, शेकडो. इतकी जवळ, की एकेका कांडीच्या तोंडाशी आलेला रस चमकताना दिसत होता. बॉनेट आणि ती टोकं यांच्यात फार तर एक हात अंतर. ट्रॉली एका बाजूला कललेली, मागे दिवा नाही, लाल पट्टीसुद्धा नाही.

कोणीच काही बोललं नाही. इंजिन बंद झालं होतं. इंडिकेटर मात्र टक्-टक् करत होता; तो कोणी आणि कधी लावला, हे आजवर घरात ठरलेलं नाही.

मी उतरलो तो शिव्या द्यायलाच, हे कबूल करायला हवं. बॅटरीवाला माणूस धावत आला. पंचविशीतला, डोक्याला मफलर, अंगात शाळेचा असावा असा निळा स्वेटर. माझ्याकडे न बघता त्याने मागच्या खिडकीत वाकून विचारलं, ‘टायर फुटेल शे, भाऊ. मायले लागनं नही ना?’

अहिराणी ऐकल्यावर आई दार उघडून खालीच उतरली. ‘नही रे भाऊ. कोठला तू?’

साक्रीकडचाच निघाला. आम्ही संध्याकाळी सोडलेल्या रस्त्यापासून त्याचं गाव दोन कोसांवर. ड्रायव्हर टायर आणायला बारडोलीत गेला होता आणि याला राखणीला ठेवून गेला होता. बायको ट्रॉलीच्या दांडीपाशी पोराला पदरात घेऊन बसलेली. याने ट्रॉलीवरचे वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, उपसले, पन्नास-साठ पावलं मागे नेऊन ढीग रचला आणि तिथे उभा राहिला. किती वेळ? ‘व्हयना तास.’ मोबाइल त्याने दाखवला: 4 टक्के.

हे पन्नास-साठ पावलांचं गणित मी नंतर मांडलं. 80 च्या वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. डोळ्याला दिसलेलं पायाला कळेपर्यंत एक सेकंद जातोच, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच 22 मीटर खलास. तो ट्रॉलीला टेकून उभा राहिला असता तर आम्हाला दिसला असता, पण फक्त दिसला असता.

बारडोली म्हटलं की आपल्याला 1928 आठवतं, सारावाढीविरुद्धचा सत्याग्रह आठवतो, वल्लभभाईंचं ‘सरदार’ होणं आठवतं. तेव्हा जप्तीवाले दिसले की इथल्या गावांत पहाऱ्यावरची पोरं ढोल बडवायची आणि लोक म्हशींसकट घरं आतून बंद करून घ्यायचे. त्या ढोलांची नोंद झाली. वाढ्यांच्या ढिगाची कोण करणार? या भागात बारडोली, मढी, चलथाण असे एकाहून एक सहकारी साखर कारखाने आहेत आणि त्यांच्या फडांत दिवाळीनंतर खानदेशातली माणसं ट्रकमधून येऊन उतरतात. त्यांची मोजणी कोयत्याने होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. वहीत हत्यार लिहिलं जातं. यान ब्रेमन नावाच्या डच समाजशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात बारडोलीच्या या तोडणीवाल्यांवर लिहिलं. तो हॉलंडहून येऊन त्यांच्या पालांपर्यंत गेला. आम्ही सुरतेच्या उधन्यात राहतो, त्यांच्याच तालुक्याचे, आणि त्यांना पाहतो ते ट्रॉलीला ओव्हरटेक करताना.

आईने सांडलेल्यांतले बरे लाडू वेचून पोरासाठी दिले. बायकोने पाण्याची बाटली दिली. मी त्याचा हात हातात घेतला, तो खरखरीत आणि गार होता. दहा मिनिटांत आम्ही निघालो. नाव विचारायचं राहिलं.

घरी पोचायला एक वाजला. भाकरतुकडा ओवाळायला भाकरी नव्हती, म्हणून आईने सुरती खारीचा तुकडा ओवाळून टाकला. सकाळपासून फोन सुरू झाले आणि प्रत्येक जण तेच म्हणाला: काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. मीही दहा जणांना तेच ऐकवलं. म्हण सोयीची आहे. 2022 साली देशातल्या रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्या सगळ्यांची वेळ आली होती म्हटलं की दिवे नसलेल्या ट्रॉलीबद्दल बोलायला नको, माझ्या ऐंशीबद्दलही नको. आणि एक तास थंडीत उभ्या असलेल्या माणसाला तर त्या म्हणीत कुठे जागाच नाही.

दुपारी गाडी धुवायला काढली. पुढच्या जाळीत वाढ्याची दोन पाती अडकली होती, कडांना अजून हिरवी. सामान काढायला डिकी उघडली तर स्टेपनीशेजारी लाल चमकणारा त्रिकोण पडलेला. बिघडलेल्या गाडीच्या मागे ठेवायचा, नव्या गाडीबरोबर मिळतो तो. रात्री आम्ही तिथे दहा मिनिटं उभे होतो आणि लाडू देत होतो. त्रिकोणाच्या पिशवीचं सील तीन वर्षांत कोणी फोडलेलं नव्हतं.