एका मतदारसंघाची एक्सेल शीट

मागच्या आठवड्यात ऑफिसात जेवताना निवडणुकांचा विषय निघाला. आमच्या टीममधला एक पक्का पुणेकर डब्यातली भाजी चिवडत म्हणाला, "तुमच्या संभाजीनगरचं काय, सोपं आहे. मतं फुटली की एमआयएम, नाही फुटली की शिवसेना. उगाच मतदान कशाला घेतात? बेरीज करा आणि जाहीर करून टाका."

सगळे हसले. मीही हसलो. पण नंतर जरा कसंतरीच वाटलं, कारण हेच वाक्य मी स्वतः दहा वेळा फेकलेलं आहे. २०१९ च्या विधानसभेला मी मतदानाला घरी गेलो नाही. नोकरी नवीन होती, प्रोबेशन होतं, सोमवारी मतदान होतं, हे सगळं खरं. पण बाबांना फोनवर कारण सांगितलं ते हे, "येऊन काय होणार? गणित ठरलेलं आहे."

तर मंडळी, शनिवारी पाऊस होता, सिंहगडाचा प्लॅन बारगळला होता. म्हटलं, एवढं गणित गणित करतो, एकदा करून तरी बघू. निवडणूक आयोगाचे आकडे काढले आणि एक्सेल उघडली.

आमचा मतदारसंघ औरंगाबाद मध्य, क्रमांक १०७. गुलमंडी, औरंगपुरा, सिटी चौक, म्हणजे जुनं शहर आणि त्याच्या भोवतीचं बरंच काही. शहराचं नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं, पण मतदारसंघाचं नाव २००८ च्या पुनर्रचनेत ठरलेलं. त्यामुळे २०२४ ची निवडणूकही 'औरंगाबाद मध्य' याच नावाने झाली. शहर एका नावाचं आणि आमदार दुसऱ्या नावाचा, अशी आमची गंमत आहे.

२००९ च्या आधी हा मतदारसंघच नव्हता. पूर्व आणि पश्चिम असे दोनच होते. पश्चिममधून १९९० आणि १९९५ ला शिवसेनेचे चंद्रकांत खैरे, मग १९९९ आणि २००४ ला काँग्रेसचे राजेंद्र दर्डा. आमच्या घरी मात्र निवडणुकीची गोष्ट नेहमी १९८८ पासून सुरू होते. त्या वर्षी महापालिकेची पहिली निवडणूक झाली आणि शिवसेनेचे ६० पैकी २७ नगरसेवक आले. त्यानंतर शहरातली प्रत्येक निवडणूक म्हणजे 'आपले किती, त्यांचे किती' हाच हिशेब, असं बाबा सांगतात. मी तो हिशेब ऐकतच मोठा झालो.

आता 'मध्य'कडे. २००९ ला पहिली निवडणूक. प्रदीप जैस्वाल हे शिवसेनेचे जुने नेते, १९९६ ला खासदार झालेले. पण सेनेने तिकीट दुसऱ्याला दिलं. जैस्वाल अपक्ष उभे राहिले आणि सेनेच्या अधिकृत उमेदवाराला हरवून निवडून आले. म्हणजे पहिल्याच निवडणुकीत मतं फुटली, आणि तरी गणित चुकलं! पण हे मला तेव्हा सुचलं नाही. मी घाईने २०१४ वर गेलो, कारण खरी मजा तिथे आहे.

२०१४ ला सेना-भाजप युतीही तुटली आणि काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडीही तुटली. जैस्वाल परत शिवसेनेत, तिकडून भाजपचे किशनचंद तनवाणी. आणि एमआयएमकडून पत्रकारिता सोडून आलेले इम्तियाज जलील. निकाल असा लागला: जलील ६१,८४३, जैस्वाल ४१,८६१, तनवाणी ४०,७७०.

जैस्वाल आणि तनवाणी यांची बेरीज केली. ८२,६३१.

मग २०१९ ची ओळ भरली. युती परत झालेली, तनवाणी रिंगणात नाहीत, जैस्वाल एकटे. त्यांची मतं ८२,२१७.

मी खुर्चीत सरळ बसलो. फरक फक्त ४१४ मतांचा! पाच वर्षांत एवढे नवे मतदार आले, एवढे गेले, आणि आकडा जागचा हललाच नाही. पुणेकर बरोबर होता की राव.

आता दुसरी बाजू. २०१९ च्या लोकसभेला एमआयएम आणि वंचित बहुजन आघाडी एकत्र होते आणि जलील ४,४९२ मतांनी खासदार झाले. विधानसभेच्या आधी ती युती तुटली. 'मध्य'मध्ये एमआयएमचे नासेर सिद्दीकी ६८,३२५ आणि वंचितच्या उमेदवाराला २७ हजारांच्या वर. बेरीज ९५ हजारांच्या पुढे, म्हणजे जैस्वालांपेक्षा कितीतरी जास्त. एकदा यांची फुटली, एकदा त्यांची फुटली. काय सुबक मॉडेल! दोन निवडणुका, दोन्ही फिट. मी चहा ठेवला.

चहा घेऊन २०२४ भरायला बसलो. तेव्हा शिवसेनाच दोन झालेली. जैस्वाल शिंदेंकडे. ठाकरेंच्या शिवसेनेने उमेदवारी दिली होती ती, कोणाला सांगा? तनवाणींना. ते तोवर तिकडे गेले होते. आणि तनवाणींनी उमेदवारी परत केली. कारण काय, तर २०१४ ची पुनरावृत्ती नको. म्हणजे माझ्या शीटमधला ४०,७७० हा आकडा स्वतःच बेरीज करून शीटमधून उठून गेला!

पण ठाकरेंच्या पक्षाने दुसरा उमेदवार दिलाच. त्यांनी ३७ हजारांवर मतं घेतली. माझ्या मॉडेलप्रमाणे आता एमआयएम यायला हवी. आली नाही. जैस्वाल ८५,४५९, सिद्दीकी ७७,३४०. फुटूनही जैस्वालांची मतं २०१९ पेक्षा वाढली.

मॉडेल कोसळलं. चार निवडणुकांपैकी दोन जुळल्या, दोन नाही. हे प्रोजेक्टमध्ये दाखवलं असतं तर लीडने घरी पाठवलं असतं. मशालीला मत देणारे ३७ हजार कोण होते, वंचितची २७ हजार मतं कुठे गेली, पहिल्यांदा मत देणारी पोरं कुठे गेली, हे शीटला कळत नाही. त्या ४१४ चं पण तसंच. आकडा तोच म्हणजे माणसं तीच, असं थोडंच आहे? बॅलन्स तेवढाच राहिला म्हणून खात्यात व्यवहार झालेच नाहीत असं कोणी म्हणतं का?

इथे मला कॅप्टनची आठवण झाली.

कॅप्टन म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. क्रिकेटच्या टीमचा कॅप्टन, म्हणून ते नाव. त्याचं घर सिटी चौकाच्या पलीकडे, आमच्यापासून चालत सात-आठ मिनिटं. १९ ऑक्टोबर २०१४, रविवार. दिवाळी चार दिवसांवर आलेली. आम्ही बारावीत, मत दोघांनाही नव्हतं. दुपारी निकाल लागला. त्यांच्याकडे फटाके वाजत होते, आमची गल्ली चिडीचूप. संध्याकाळी तो भेटला तेव्हा मी म्हणालो, "काय मग, तुमचा आला."

तो म्हणाला, "हमारा? अबे, तेरा एमएलए नहीं है क्या वो?"

सहज म्हणाला, हसत. मीही हसलो, विषय संपला. पण ते वाक्य कुठेतरी राहिलं.

२०२४ ला मी गेलो. मंगळवारी रात्री शिवाजीनगरहून एसटी पकडली, बुधवारी सकाळी आईबाबांबरोबर रांगेत उभा राहिलो. दुपारी गुलमंडीवर कॅप्टन भेटला. दोघांच्या बोटाला शाई. कोणाला दिलंस हे त्याने विचारलं नाही, मीही नाही. बोललो ते पाण्यावर. आमच्या शहरात भेटल्यावर तेच बोलतात. जायकवाडी पन्नासेक किलोमीटरवर भरलेलं, आणि आमच्या नळाला पाणी आठवड्यातून एकदा. १,६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं, पुढे खर्च २,७४० कोटींवर गेला. "तुमच्याकडे कधी आलं?" "हमारे यहाँ आठ दिन हो गए." आमच्याकडेही सातवा दिवस होता. ड्रम दोघांच्या घरी सारखेच, निळे.

शनिवारी निकाल. मी पुण्यात परतलो होतो. संध्याकाळी त्याचा फोन आला. "ले भाई, तुम्हारा आया."

मी कोणाला मत दिलं हे त्याला माहीत नाही. दहा वर्षांपूर्वी त्याला मत नसताना मी जसं गृहीत धरलं होतं, तसंच त्याने धरलं. उत्तर माझ्याकडे तयार होतं, त्यानेच दिलेलं. "तेरा एमएलए नहीं है क्या वो?" एवढंच म्हणायचं होतं. पण जमलं नाही. २०१४ ला तो ते सहज म्हणू शकला. मला मात्र खात्री नव्हती की त्याच्या बाबतीत ते खरं आहे. मी "हो रे" म्हणालो आणि पाण्याचं विचारलं.

शनिवारी रात्री शीट सेव्ह करताना एक गोष्ट दिसली. बेरजा सोप्या व्हाव्यात म्हणून मी सकाळी प्रत्येक उमेदवारापुढे 'बाजू' नावाचा कॉलम केला होता. त्यात दोनच शब्द होते. 'आपली' आणि 'त्यांची'. कोणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप टाईप करत गेला होता. आणि जो माणूस गणित ठरलेलं आहे म्हणून मतदानाला गेला नव्हता, त्यानेच ते गणित सकाळी दहा वाजता नव्याने मांडून ठेवलं होतं.

कॉलम पुसून टाकला. फॉर्म्युले सगळे त्या दोन शब्दांवर बेतलेले, त्यामुळे सगळ्या बेरजा शून्य झाल्या. उमेदवारांची नावं आणि मतं तेवढी राहिली. तशीच सेव्ह केली.

असो. कॅप्टनला हे सांगायचं आहे, पण फोनवर नको. दिवाळीला घरी गेलो की गुलमंडीवर.