पाण्याचा हट्ट सोडला

जहाजावरचं इलेक्ट्रॉनिक्स थंड ठेवायचं तर पाण्याला पर्याय नाही, हे मत मी नोकरीभर धरून होतो. पाणी स्वस्त, बिनविषारी, गळलं तरी डोळ्यांना दिसतं. रेफ्रिजरंटने एसी प्लँटमध्येच राहावं. त्याला थेट कन्व्हर्टरच्या कपाटात आणणं मला नसती उठाठेव वाटायची. आज मी त्या मताचा नाही.

निवृत्तीनंतर म्हैसूरला, चामराजपुरममध्ये राहायला आलो आणि निवांत वाचायला लागलो. हे शहर साडेसातशे मीटरहून उंच, त्यामुळे इथे पाणी शंभराऐवजी 97-98 अंशांनाच उकळतं. गॅस मोठा केला तर ते लवकर आटतं, जास्त तापत नाही. म्हणजे दाब ठरवला की उकळण्याचं तापमान आपल्या हातात. आर-134ए हे रेफ्रिजरंट दहा बारच्या आसपास 40 अंशांना उकळतं आणि किलोभर द्रवाची वाफ होताना सुमारे 160 किलोज्यूल उष्णता घेतं. किलोभर पाणी दहा अंशांनी तापताना जेमतेम 42 नेतं. शिवाय कन्व्हर्टरच्या ओळीतल्या शेवटच्या मॉड्यूललाही जवळपास पहिल्याइतकाच थंडावा मिळतो.

तरी माझं मत खरं फिरलं ते घामामुळे. एसी प्लँटचं सात अंशांचं पाणी मॉड्यूलखालच्या कोल्ड प्लेटमधून फिरतंय आणि पावसाळ्यात मुंबईच्या धक्क्यावर कपाटाचं दार उघडलं, की प्लेटवर थेंब धरतात, ओघळतात आणि खाली वीज वाहणारा बसबार असतो. चाळीस अंशांच्या प्लेटला घाम फुटत नाही. तिच्या कंडेन्सरला मे महिन्यातल्या अरबी समुद्राचं तीस अंशांचं पाणीही पुरतं. कॉम्प्रेसर नको, पंपावर भागतं. आणि गळलं तरी रेफ्रिजरंटमधून वीज वाहत नाही.

अडचणी आहेतच. जहाज डोलतं तेव्हा पंपाच्या तोंडाशी द्रवच राहायला हवा, वाफ शिरता कामा नये. एखादी प्लेट कोरडी पडली तर तिच्यावरचा आयजीबीटी, म्हणजे कन्व्हर्टरचा वीज-स्विच, बघता बघता जळतो. बंद कप्प्यात गळती झाली तर माणूस गुदमरू शकतो. आर-134ए हवामानालाही बाधतं: कार्बन डायऑक्साइडच्या 1430 पट. असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करायला लावणारी किगाली दुरुस्ती भारताने 2021 मध्ये स्वीकारली आहे, त्यामुळे आणखी तीस वर्षं चालायच्या जहाजात ते नको. आर-1234झेडईचा हा आकडा एकेरी आहे, पण ते थोडं ज्वालाग्राही.

माझगाव, कोची, कोलकात्याच्या गोद्यांतल्या तरुण अभियंत्यांना माझी विनंती आहे: नव्या जहाजाचा आराखडा करताना पाण्याच्या संचाशेजारी उकळत्या रेफ्रिजरंटचाही संच डोलत्या मंचावर चालवून बघा, आणि मगच निवड करा.