दोन किलो पापा द्या!

समजा तुम्ही मिशनरी आहात आणि बोलिव्हियात स्पॅनिश शिकायला आला आहात. गाव कोचाबांबा, महाबळेश्वराच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर! मेरीनॉल या ख्रिस्ती संस्थेनं १९६५ साली इथं भाषाशाळा काढली.

सकाळी व्याकरण घोकलंत? ठीक. आता पिशवी घ्या आणि ‘ला कांचा’ बाजारात चला, खरी परीक्षा तिथं आहे. बटाट्याला म्हणायचं ‘पापा’. पहिल्या ‘पा’वर जोर द्या हं! दुसऱ्यावर दिलात, तर त्याचा अर्थ होतो बाबा. गंमत म्हणजे पोपनाही स्पॅनिशमध्ये ‘पापा’च म्हणतात. बिचारे धर्मगुरू दोन किलो काय मागत असतील!

भाजीवालीला ‘कासेरा’ म्हणा. नेहमीच्या गिऱ्हाइकालाही ती तेच म्हणते. वजन झालं की ‘यापा’ मागायला लाजू नका. यापा म्हणजे वरचं मूठभर, आपल्याकडे भाजीबरोबर फुकट मिळणाऱ्या कढीपत्त्यासारखं.

पण शेजारच्या ढिगामागच्या आजीला स्पॅनिश येतच नसलं तर? स्पॅनिश इथं आली सोळाव्या शतकात, विजेत्यांबरोबर. आजीची क्वेचुआ त्याआधीपासूनची. म्हणून तर शाळेत क्वेचुआही शिकवू लागले. नुसत्या स्पॅनिशवर आजीचं दुखणंखुपणं कसं कळणार?

तुम्ही गोंधळून ढिगाकडे बोट दाखवता आणि पुटपुटता, “पापा?” आजी लगेच मान डोलावते. डोलावणारच! तो शब्द स्पॅनिशनं तिच्याच भाषेतून घेतलाय.