दोन बेंदूर

भाच्यानं कॅलेंडरचा नमुना मोबाईलवर पाठवला आणि माझी नजर थेट ज्येष्ठातल्या पौर्णिमेवर गेली. चौकोनात वटपौर्णिमा होती, कर्नाटकी बेंदूर नव्हता. आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर मात्र जागच्या जागी. बैलांचा सण म्हणून पोळा पाळणाऱ्या मुलखात हे कुणाला खटकणार नाही. पण सीमेवरच्या निपाणीतल्या भाच्याच्या खत-बियाण्यांच्या दुकानात दोन्ही बेंदरांचे शेतकरी येतात. इथल्या पोरांचं देवचंद कॉलेजसुद्धा अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात.

दुकानाचं हे पहिलंच वर्ष. "मामा, गिऱ्हाइकास्नी काय द्यायचं वो?" म्हणाला, तेव्हा आम्ही एक अख्खी संध्याकाळ याद्या बघत बसलो. की-चेन, पेन, टोपी, स्टीलची वाटी. पेन मला पटत नाही. शाई संपली की दुकानाचं नावही केरात. टोप्या औषध कंपन्याच वाटतात. माझं मन कापडी पिशवीवर होतं. 2016 मध्ये कर्नाटकात आणि 2018 मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली, तेव्हापासून जाड कापडाची, दुहेरी शिवणीची, खांद्याला अडकेल अशी पिशवी म्हणजे घरातलं माणूसच. दर ऐकून भाचा गप्प झाला. राहिलं कॅलेंडर.

आत्याच्या घरी कॅलेंडर दाराआड, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर असायचं. किराणावाल्यानं दिलेलं. आत्या विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात जर्दा, पत्र्याच्या मापानं कापलेली तेंदूची पानं, दोऱ्याचं रीळ. मजुरी दर हजारावर. माल द्यायला गेली की तपासणारा जुड्या उलगडायचा, चार विड्या दाबून बघायचा आणि एक ढीग बाजूला सारायचा: छाट. छाटीचे पैसे नाहीत, आणि त्या विड्याही परत नाहीत. घरी आल्यावर पाणीसुद्धा न पिता ती पेन्सिल घ्यायची आणि त्या तारखेच्या चौकोनात लिहायची, वर दिलेल्या विड्या, खाली छाट. अक्षरं तिला येत नव्हती, आकडे येत होते. एका महिनाअखेरीला तिनं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, सुरळी करून पदराखाली धरलं आणि हिशेबाला गेली. परतली ती बावीस रुपये जास्त घेऊन. कॅलेंडर पुन्हा खिळ्याला लावलं, मग चूल पेटवली.

1981 च्या मार्चमध्ये शरद जोशींबरोबर तंबाखूचे शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले, त्या दिवसांतले विड्यांचे आकडे तुटक आहेत. मध्येच नुसतं 20, 30, पुन्हा 20. त्या रस्त्यावर बसलेल्यांसाठी थापलेल्या भाकऱ्या.

खालच्या पट्टीवरचं किराणावाल्याचं नाव मला अजून त्याच्या वळणासकट आठवतं. मी वाचायला शिकलो ते त्याच्यावर.

म्हणून भाच्याला म्हटलं, देवाचं चित्र लहान कर, चौकोन मोठे ठेव, कागद असा घे की पेन्सिल उठेल. नाव दोन्ही लिप्यांत घाल. महिन्यांची अडचणच नाही. चैत्र-वैशाख इकडे तिकडे तेच, अमावास्येला संपणारे, शकही शालिवाहनाचाच. 1973 मध्ये मराठीत सुरू झालेलं 'कालनिर्णय' आज कन्नडमध्येही निघतंच की.

छापखान्यातून फोन आला: वटपौर्णिमेच्या चौकोनात आता जागा नाही.

"वडाचं चित्र काढून टाका वो," भाचा म्हणाला, "पण बेंदूर बसवा."