गणिताचे गुरुजी



वर्गात नवे गुरुजी आले, की तुम्ही आधी काय बघता? हातात छडी आहे का, मिशा केवढ्या, हसतात की नाही! नागभीडजवळच्या एका शाळेत मी शिकवायला गेलो, तेव्हा पोरांनी आधी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हंजे गुर्जी गोंड आहेत!"

हो, मी गोंड. माझं गाव गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याकडे. घरी आम्ही गोंडी बोलतो. मराठी मी शाळेत शिकलो.

विषय माझा गणित. पण वाट्याला कामं येत ती वेगळीच. ९ ऑगस्टचा आदिवासी दिन आला, की "गुरुजी, रेला नाच तुम्हीच बसवा." नाच मला आवडतो हो, पण गणिताचं प्रदर्शन भरवायला मला कोणी सांगत नसे. एखादा आदिवासी पोरगा भांडला, की त्याला माझ्याकडे धाडायचे. "तुमचाच आहे, तुम्हीच दम द्या!" मी उंच, रंगानं काळा. पोरं मला घाबरतील, असं सगळ्यांनी धरूनच चाललेलं. एकदा आलेल्या पाहुण्यांनी तर मला शिपाई समजून चहा आणायला सांगितला. मी आणून दिला. मग त्यांच्याच समोर सातवीला अपूर्णांक शिकवले.

हे माझ्या एकट्याचं नाही. १९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. अमेरिकेत शिकून आलेला एवढा विद्वान माणूस! पण प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातलं पाणी त्यांनी घ्यायला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली.

आणि खुद्द अमेरिकेत? १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगवेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरवल्या. निकाल चांगलाच होता. पण पुढे कृष्णवर्णीयांच्या कितीतरी शाळा बंद झाल्या आणि तिथल्या हजारो शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. आजही तिथल्या सरकारी शाळांत शंभर शिक्षकांमागे कृष्णवर्णीय पुरुष जेमतेम एक. त्यांच्यातले अनेक जण माझ्यासारखंच सांगतात: दांडगी पोरं आमच्याकडे धाडतात, पण आमच्या विषयाबद्दल कोणी विचारत नाही.

मग आपल्यातला मास्तर असण्याचा उपयोग काय? सांगतो. वसतिगृहातला एक मुलगा महिनाभर वर्गात तोंडच उघडत नव्हता. एके दिवशी मी फळ्यावर रेघा मारत मोजू लागलो, "उंदी, रंड, मुंद, नालुंग, सैयुंग." त्यानं झटकन मान वर केली. त्याच्या घरचे आकडे चक्क फळ्यावर! पुढचे आकडे त्यानंच म्हटले, अगदी मोठ्यानं. तेवढ्यात तेलुगू बोलणाऱ्या घरातली एक मुलगी ओरडली, "गुरुजी, आमच्याकडे चारला नालुगु म्हणतात!" म्हणणारच! गोंडी आणि तेलुगू एकाच कुळातल्या भाषा. त्या दिवशी सगळा वर्ग गोंडीत मोजायला शिकला. तो मुलगा पुढे गणितात रमला, आणि ती मुलगीही.

आता कोणी "तुमचा पोरगा" म्हणालं, की मी सरळ सांगतो, "वर्गातली चाळीसही पोरं माझीच."

तुमच्या शाळेत असे कोणी गुरुजी असतील, तर त्यांच्या बोलीतले आकडे जरूर विचारा. आणि मग न सुटलेलं गणितही घेऊन जा. त्याची ते वाटच बघत असतात.