निर्वाळा मिळाल्यानंतर

आजाराचे भय आजार नसल्याच्या दाखल्याने जावे, हा व्यवहारातला सरळ न्याय आहे. आणि ज्याची सारी नोकरी तालुका कचेरीच्या दप्तरखान्यात, सही-शिक्क्याच्या कागदांची देवघेव करण्यात गेली, त्या माझ्यासारख्याला तर या न्यायाविषयी शंका घेण्याचे कधी कारणच पडले नव्हते. परंतु एच.आय.व्ही.ची तपासणी निर्दोष आल्यानंतर जवळजवळ वर्षभर ज्या अवस्थेत मी दिवस काढले, तीत मला असे दिसून आले की, ज्या कागदासाठी मनुष्य रात्रीच्या रात्री तळमळत काढतो तो हाती पडावा, त्यावरचा मजकूर अगदी त्याच्या इच्छेप्रमाणे असावा, आणि तरीही छातीवरचे दडपण तसूभर हलू नये, असे घडू शकते. हे दुखणे भोगणारे अनेक आहेत, आणि ज्या रोगाचे नाव उच्चारण्याचीच लाज वाटते त्याच्या भयाविषयी ते घरातही बोलत नाहीत, म्हणून हे लिहीत आहे.

प्रसंग साधा होता. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी कचेरीतून साताऱ्याकडे परतत असताना महामार्गावर एक मोटारसायकलस्वार पडलेला दिसला. आम्ही दोघातिघांनी त्याला उचलून रिक्षात घातले, आणि त्याचे डोके मांडीवर घेऊन मी रुग्णालयापर्यंत गेलो. त्याच्या कपाळातून वाहणारे रक्त माझ्या दोन्ही हातांना लागले होते. त्याच दुपारी फेरफाराच्या जुन्या नोंदवह्यांची शिलाई करताना दाभण माझ्या तर्जनीत रुतले होते, ते मला आठवलेही नसते, परंतु अपघात विभागातल्या परिचारिकेने माझ्या हातांवर पाणी घालता घालता विचारले, "काका, हाताला कुठे कापलं-बिपलं नाही ना?" प्रश्न तिच्या कर्तव्याचा होता. तेथील डॉक्टरांनी बोट उजेडात धरून पाहिले, जखम बुजली आहे, धोका नगण्य आहे, असे सांगितले, आणि मनाच्या समाधानासाठी पुढे तपासणी करून घ्यावी असे सुचविले. तो तरुण बरा होऊन घरी गेला. त्याला काही आजार होता की नव्हता हे मला कोणी सांगितले नाही, आणि सांगणे उचितही नव्हते. त्या रिकाम्या जागेत माझ्या मनाने हवे ते भरले.

ते इतक्या सहजी का भरले गेले, याचे कारण शोधायला मला फार मागे जावे लागते. भारतात हा विषाणू प्रथम आढळला तो १९८६ साली मद्रासला, आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत पुणे-बंगळूर रस्त्याच्या कडेच्या आमच्या गावांतली, ट्रकवर जाणारी धट्टीकट्टी माणसे एकेक करून घरी येऊन अंथरुणाला खिळू लागली. आमच्या आळीतला असा एक जण मी पाहिला आहे. त्याचे अंथरूण गोठ्याशेजारच्या पडवीत घातलेले असे, ताट-वाटी वेगळी ठेवलेली असे, आणि त्याची सख्खी आई भाकरी हाताने न देता काठवटीत घालून ती काठीने पुढे सरकवी. तो गेला त्या दिवशी तिरडीला खांदा द्यायला चार माणसे पुरी होईनात. पुढे १ एप्रिल २००४पासून सरकारने या रोगावरची औषधे विनामूल्य देण्यास आरंभ केला, आणि आज ती नेमाने घेणारा मनुष्य नोकरी करतो, संसार करतो, मुलांची लग्ने लावतो, हे मला माहीत होते. एकत्र जेवल्याने, कपडे वापरल्याने, डास चावल्याने हा रोग होत नाही हेही मी कचेरीतल्या इतरांना समजावून सांगत आलो होतो. परंतु ज्ञान बुद्धीत राहते आणि भय पडवीत. माझे भय त्या पडवीतून कधी उठलेच नव्हते.

सरकारी रुग्णालयातल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात मी गेलो तो मान खाली घालून. तेथील समुपदेशक बाईंनी मला बसवून घेतले, तपासणीपूर्वीची माहिती सांगितली, संमतीपत्रावर सही घेतली, आणि २०१७च्या कायद्याने तुमचे नाव व निकाल गुप्त ठेवणे आमच्यावर बंधनकारक आहे, हेही सांगितले. माझ्या आग्रहावरून तंत्रज्ञाने मला चाचणीची ती पांढरी पट्टी दाखविली. बोटाच्या पेराएवढ्या खिडकीत एक तांबूस रेघ उमटली होती. "ही रेघ आली म्हणजे पट्टी नीट चालली," तो म्हणाला, "आणि हिच्या शेजारी दुसरी रेघ नाही, म्हणजे तुम्हाला काही नाही." मी पाहिले, दुसरी रेघ नव्हती. बाईंनी तीन महिने उलटल्यावर पुन्हा येण्यास सांगितले, कारण विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात दिसण्याइतकी तयार होण्यास काही आठवडे जावे लागतात आणि तोवरची निर्दोष तपासणी शेवटची मानता येत नाही. तीन महिन्यांनी मी गेलो. तोही निकाल निर्दोष आला. "आता विषय संपला, काका," बाई म्हणाल्या.

बसस्थानकापर्यंत पोहोचेतो तो संपलेला होता. बसमध्ये चढताना मनात आले, दुसऱ्या रेघेच्या जागी काही पुसट दिसत होते काय? रहिमतपूरच्या फाट्यापर्यंत ते पुसट काहीतरी मला स्पष्ट आठवू लागले. मग रात्री, नळीवर चिकटवलेला क्रमांक माझाच होता कशावरून, पट्टीची मुदत उलटलेली नव्हती कशावरून, ज्याच्या शरीरात प्रतिपिंडे उशिरा तयार होतात असा लाखांतला एखादा मनुष्य मीच नसेन कशावरून, असे प्रश्न एकामागून एक उभे राहिले, आणि प्रत्येकाचे उत्तर मिळेपर्यंत त्याच्या पोटातून पुढचा जन्म घेई. मी खाजगी प्रयोगशाळांत वेगवेगळ्या तऱ्हेच्या तपासण्या करविल्या: प्रतिपिंडांसोबत विषाणूचे पी-२४ हे प्रथिनही शोधणारी, जिचा निकाल पंचेचाळीस दिवसांनंतर निर्णायक धरतात ती, आणि रक्तात थेट विषाणूची जनुकीय खूण शोधणारी, फार खर्चाची. सर्व निर्दोष. एका प्रयोगशाळेतल्या गृहस्थाने "अगदीच खात्री हवी असेल तर सहा महिन्यांनी या" असे सहज सांगितले. सहा महिन्यांची ती मुदत जुन्या काळच्या, कमी संवेदनशील चाचण्यांच्या वेळची होती हे मला नंतर कळले, परंतु त्यांच्या त्या एका वाक्याने माझी झालेली तिमाही निरर्थक ठरविली. भयभीत मनुष्याशी बोलताना एकेक शब्द तोलून वापरावा, असे माझे त्या दिवसापासूनचे ठाम मत आहे.

शरीर तर साक्ष द्यायला तयारच होते. मानेच्या गाठी मी दिवसातून इतक्या वेळा चाचपून पाही की त्या दाबून दाबून खरोखरच दुखू लागत, आणि त्या दुखतात हाच पुरावा होई. आरशापुढे विजेरी धरून जिभेवरचा पांढरा थर पाहावा, दुपारी कचेरीच्या न्हाणीघरात जाऊन काखेत तापमापक लावावा, रात्री घाम आला की उशी हाताने चाचपावी. जेवण जात नव्हते, त्यामुळे वजन उतरले, आणि वजन उतरणे हे तर त्या रोगाचे लक्षण म्हणून मी वाचलेलेच होते. मन चिंती ते वैरी न चिंती, असे आमची आजी म्हणे.

सर्वांत कठीण गेले ते घरात. धाकट्या मुलीने माझ्या ताटातला घास उचलला की मी हात आखडता घेई, आणि लगेच मला ती काठीने सरकवलेली काठवट आठवे. पत्नीपासून मी काही ना काही निमित्ताने दूर झोपू लागलो. तिला सर्व सांगितले होते, आणि तिने एका शब्दाने मला दूषण दिले नाही, उलट मी दिवसातून कितीदाही "अगं, काही नसेल ना?" असे विचारले तरी ती हातातले काम टाकून "काही नाही हो, सगळे कागद आलेत ना आपल्याकडे" असे म्हणे. त्या उत्तराने घटकाभर जीव थाऱ्यावर येई, आणि मग ते उत्तर शिळे होऊन नवे लागे.

शेवटी चाचणी केंद्रातल्या त्याच बाईंनी मला आणखी एकदा तपासून देण्यास नकार दिला. माझ्या आधी एक तरुण स्त्री आत जाऊन आली होती. तिने पदराने डोळे टिपले, औषधांच्या केंद्राकडे कसे जायचे ते विचारून घेतले, आणि मान ताठ ठेवून निघून गेली. बाईंनी तिचे काहीच सांगितले नाही. मला म्हणाल्या, "काका, तुम्हाला आजार आहे. पण तो रक्तातला नाही, आणि त्याचा दवाखाना वरच्या मजल्यावर आहे." त्यांनी स्वतः मानसोपचार विभागाच्या नावे चिठ्ठी लिहून दिली.

तेथील डॉक्टरांनी माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले, आणि नंतर जे सांगितले त्याने मला प्रथमच माझ्या दुखण्याची रीत दिसली. प्रत्येक तपासणी, गाठीवरचे प्रत्येक बोट, पत्नीला विचारलेला प्रत्येक प्रश्न भय क्षणभर शमवितो, आणि शमवितो म्हणूनच मन पुढच्या वेळी तेच मागते. शंभर टक्के खात्री हा जो पदार्थ मी मागत होतो तो वैद्यकशास्त्रात कोणापाशीच नसतो. इतर माणसे त्याच्यावाचून जगतात, आणि मलाही जगता आले पाहिजे. त्यांनी फ्लुऑक्सेटिनची गोळी सुरू केली, तिचा गुण येण्यास काही आठवडे लागतील हे सांगितले, आणि त्याहून कठीण असे पथ्य घातले: शंका येऊ द्यायची, तिचे उत्तर द्यायचे नाही. गाठ चाचपण्याची ओढ लागली की घड्याळ पाहून ती पुढे ढकलायची, प्रथम थोडी, मग अधिक. तापमापक घरातून बाहेर जावा. पत्नीलाही बोलावून त्यांनी समजाविले की, धीर देण्याचे थांबविणे हाच आता धीर देण्याचा मार्ग आहे.

ते दिवस तिच्यासाठी माझ्याइतकेच अवघड होते. मी विचारी, आणि ती भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न पाहता म्हणे, "ह्याचं उत्तर द्यायचं नाही ठरलंय, अहो." एकदा मी चिडून ओरडलो, तिच्या हातातल्या मेथीच्या काड्या थरथरताना मला दिसल्या, तरी तिने उत्तर दिले नाही. त्या रात्री भय उंच चढले, बराच वेळ तसेच राहिले, आणि मी काहीही न करता आपोआप उतरले. असे ते उतरू शकते हा अनुभव मला कोणत्याही प्रयोगशाळेने दिला नव्हता.

मध्यंतरी कचेरीत रक्तदान शिबिर भरले, आणि मी मोठ्या उत्साहाने नाव नोंदविले. पत्नी म्हणाली, "डॉक्टरांना विचारा आधी." त्यांनी विचारले, "रक्त द्यायचंय, की तपासून घ्यायचंय?" रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची एच.आय.व्ही.साठी तपासणी होते, हे मला ठाऊक होते, आणि उत्साहाच्या मुळाशी तेच होते. रक्तपेढी चाचणीसाठी वापरू नये. ज्याला खरोखर धोका असेल त्याचे रक्त तपासणीच्या त्या कोवळ्या मुदतीत निसटून दुसऱ्याच्या अंगात जाऊ शकते. मी नाव काढून घेतले.

गेल्या पावसाळ्यात मला सडकून ताप आला, सांधे ठणकू लागले, अंगावर पुरळ उठले. हीच लक्षणे त्या विषाणूच्या आरंभीच्या दिवसांतही येतात हे मी एके काळी तोंडपाठ केलेले होते, आणि ते सर्व मला जसेच्या तसे आठवले. डॉक्टरांनी डेंग्यूसाठी रक्त तपासायला लिहून दिले. त्या चिठ्ठीवर आणखी एक तपासणी लिहून घ्यावी असे ओठांवर आले होते, परंतु मी चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि लिहिले होते तेवढेच रक्त दिले. डेंग्यूच निघाला. रजेचा अर्ज शेजारच्या मुलाकरवी कचेरीत पाठवून मी आठवडाभर पडून राहिलो, आणि धाकटी माझ्याच पेल्यातून नारळपाणी पीत उशाशी बसून अभ्यास करीत असे.